सीटखालचा स्विच

एइनार टोलेफसनचा फोन, सकाळी सातला.
"मोअर मेली," म्हणाला. एवढंच.
या भागातली माणसं शब्द
डब्याच्या तळाशी उरलेल्या पेट्रोलसारखे वापरतात.

टूलबॉक्स उचलला.
मका नुकता बोटभर उगवलेला, अकरा मैल तोच दोन्ही बाजूंना,
मग खडीचा रस्ता, पांढरं चर्च,
आणि चर्चच्या मागे ते सगळे
ज्यांच्यावरचं गवत तो बावीस वर्षं कापतोय.

सीटवरच बसला होता. किल्ली फिरवून दाखवली.
हूं नाही की चूं नाही.

आधी बॅटरी. मीटर म्हणाला, बारा पॉइंट सहा.
म्हणजे आडात होतं,
पोहऱ्यात येत नव्हतं.
टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी चढलेली,
खायचा सोडा, कोमट पाणी, जुना टूथब्रश,
फेस आला, शिसं चमकलं.
किल्ली. काही नाही.
फ्यूज उजेडात धरला, तार शाबूत.
अर्थिंगची वायर जिथे सांगाड्याला धरते
तिथला गंज खरवडला. काही नाही.
सोलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर आडवा घालतात काही जण,
माझ्या बापाच्या डाव्या भुवईला विचारा.
मी लहान टर्मिनलला जंपर टेकवला.
टक्.
स्टार्टर गरगरला.
म्हणजे छाती ठीक, हातपाय ठीक,
निरोपच पोचत नव्हता.

निरोपाच्या वाटेवर तीन पहारेकरी:
एक ब्रेकपाशी, एक पात्यापाशी, एक सीटखाली.
तिघांनी मान डोलावल्याशिवाय
किल्लीचा शब्द पुढे जात नाही.
ब्रेकवाला डोलला. पात्यावाला डोलला.
तिसऱ्यासाठी मीच सीटवर बसलो, सहज,
आणि किल्ली फिरवली.
लागली! दगडांवरचे रॉबिन उडाले.

बंद केली. "बस तू."
तो बसला. ब्रेक दाबला. शांत.
"उतर." मी बसलो. धडधड.
"बस." शांत.
असं किती वेळा केलं मूर्खासारखं,
आणि मग मध्येच, किल्लीवर हात असताना, कळलं.

मार्चमध्ये रॉचेस्टरला जाऊन आला, इतकं कानावर होतं.
पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं, तीन.
उरलेलं टोक लोंबत होतं पार खिशापर्यंत.
स्प्रिंगला माणूस कळत नाही,
वजन कळतं.
तिच्या हिशेबात
सीट रिकामी होती.

त्यालाही कळलं असावं.
तो कुंपणाकडे बघत होता, जिथे मार्लिसच्या दगडावर
त्याचंही नाव कोरून तयार आहे,
एका तारखेपुरती जागा सोडून.

"स्प्रिंग ताठरलीय," मी म्हणालो. "थंडीने होतं."
"होतं का."
"सर्रास."

स्विच काढून फेका, दोन वायरी पिळा, टेप मारा,
असं करणारे आहेत. मी करत नाही.
माणूस पडला तर पातं थांबलं पाहिजे.
ट्रकमध्ये एक मऊ स्प्रिंग सापडली,
स्विच दोन वॉशरांनी वर उचलला.
"बस."
बसला, गार तळ्यात उतरावं तसा, हळू.
लागली.
"आता उठ." उठला. थांबली.
"बरी झाली," म्हणाला, मोअरला.

बिलावर लिहिलं: टर्मिनल साफ, स्प्रिंग एक, वॉशर दोन.
त्याने सुट्टे मोजून दिले, वर एक डॉलर कॉफीला.

निघताना आरशात दिसला,
दगडांच्या कडेकडेने वळसे घेत,
कुणाच्याही पायाला न लागता.
सोमवारी झेंडे लावायला लोक येतील, त्याआधी उरकायचं होतं.

वॉशरची डबी
मी टूलबॉक्समध्ये परत टाकली नाही.
शेजारच्या सीटवर ठेवली.
जुलैत तिसरा लागेल.