वजा

बलातच्या चढाला, नळदुरुस्तीच्या दुकानाशेजारी
मी बसतो. समोर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर काटा,
न्हाणीघरातला, काच एका कोपऱ्यात तडकलेली.
माणशी पाच लिरा. शाळेच्या पोरांना फुकट.

लोक म्हणतात, इस्तंबूल म्हणजे उतारांचं शहर.
म्हणणारे वरून खाली येत असतील.
मी हमाल होतो, मला सगळे चढच भेटले.

चाळीस वर्षं पाठीला सेमेर बांधला,
म्हणजे माणसाचं खोगीर, चामड्याचं, आत गवत.
कपाटं नेली, लिंबांच्या पेट्या नेल्या,
एकदा पियानो, चौघांत,
आणि छापखान्यांच्या गल्लीत कागदाची रिमं, किती ते विचारू नका.
कोरा असतानाच कागद इतका जड,
तर छापून झाल्यावर तो कुणाच्या पाठीवर जातो
हे तेव्हा डोक्यात आलं नाही.
वाचायला मी शिकलो नाही. आकडे येतात.

साडेतीनला शाळा सुटते.
पोरं वाकून चढतात, त्यामुळे
आधी दप्तरंच दिसतात, चेहरे मागाहून.
रुक्नेत्तिन आजोबा, माझं आधी! माझं!
एकदा दप्तरासकट, एकदा दप्तराविना,
मोठ्यातून लहान वजा.
तोल्गाहान: पाच आठशे.
सेरहात: सहा दोनशे, त्यात फुटबॉलचे बूट, ओले.
नेहिर: साडेचारच, पण एक पट्टा तुटलेला,
साडेचारही डाव्या खांद्यावर.
मी सुतळी बांधून देतो. सांगतो,
ओझं कमरेवर लोंबू द्यायचं नाही, वर घ्यायचं, मानेशी.
गुडघ्यात वाका रे, पाठीत नको.
आठ वर्षांच्या पोरांना हमाली शिकवतो आहे मी,
आणि ती मन लावून शिकतात.

माझ्या प्रत्येक ओझ्याला पत्ता होता.
पोचलं, उतरवलं, पैसे घेतले, चहा प्यायलो.
यांचं संध्याकाळी घरी उतरतं
आणि सकाळी तेच पुन्हा पाठीवर.
कुठे पोचवायचंय, कुणी सांगितलेलं नाही.

बेरफिन मात्र वजाबाकी करू देत नाही.
दुसरीतली. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल.
दप्तरासकट काट्यावर चढते, पट्टे मुठीत धरून,
श्वास आत ओढून घेते, जणू त्याचंही काही भरेल.
चोवीस सहाशे.
आता उतरव, मी म्हणालो.
नको. एवढंच लिहून द्या.

शाळेच्या नर्सबाईंनी आईला बोलावलं होतं.
म्हणाल्या, तीन किलो वाढायला हवी.
आई रात्रभर शिंपल्यांत भात भरते, शेकड्यावर पैसे,
सकाळी हातगाडीवाला येऊन नेतो.
एखादा खात नाहीस का तू?
मोजलेले असतात, ती म्हणाली.

मी पेन्सिल घेतली, सिगारेटचं पाकीट फाडलं.
चाळीस वर्षांत कुणाच्या पेटीतलं लिंबू
इकडचं तिकडे केलं नव्हतं.
पण काटा खोटं बोलत नव्हता, पोरगीही नाही.
चोवीस सहाशे माझ्यासमोर उभे होते:
गणित, व्याकरण, रंगपेटी, पाण्याची बाटली,
आणि त्यातच कुठेतरी बेरफिन.

लिहिलं. सहाला जरा वळण दिलं, डॉक्टर देतात तसं.
तिने चिठ्ठीची घडी घातली, मोज्यात खोचली.
दप्तरात का नाही ठेवत?
दप्तर आई उचलून बघते.

मग पट्टे वर ओढून, मानेशी,
ती चढाला लागली,
गुडघ्यात वाकून, मी सांगितलं होतं तस्सं.