रुमालाखाली

मार्केट यार्डात, तेरा नंबरच्या गाळ्यात
भूपाल अण्णांचा हात रुमालाखाली गेला
आणि सारडा शेठचा त्याला भेटला.
दोघांचे चेहरे पत्र्याकडे,
बोलत होती ती बोटं.

मी दिवाणजी. पट्ट्या लिहितो.
मला दिसलं ते एवढंच,
अण्णांच्या मनगटावर डास बसला.
सौदा चालू, हात काढता येईना.
करंगळी जरा थरथरली.
शेठनी ती मोजली.

क्विंटलला शंभर चढले.

"अण्णा एवढं ताणतायत, म्हणजे..."
ते 'म्हणजे' गाळ्यातून बाहेर पडलं,
चहाच्या गाड्यावर टेकलं,
निजामाबादला फोनवरून गेलं, तिथून इरोडला,
आणि दुपारी सांगलीत परतलं तेव्हा
ओळखू येईना.
त्याला अवकाळी चिकटली होती, कंदकूज चिकटली होती,
दुबईची कुठलीशी मागणीसुद्धा.

वायद्याच्या पडद्यावर हिरवं चढत गेलं.
ज्यांनी हळकुंड फक्त लग्नात बघितलं
त्यांनी चाळीस चाळीस टन घेतली.

विश्रामबागचे मगदूम सर, गणितातून निवृत्त,
आमच्या गादीवर बसून कॅल्क्युलेटर दाखवायचे.
एक अपूर्णांक घ्या. तो एकातून वजा करा.
दोघांना गुणा, मग जवळजवळ चारनं गुणा.
आलेला आकडा परत आत घाला.
शेजारी दुसरा चालवा, चौथ्या दशांशात फरक असलेला.
दहा घरं जोडीनं चालतात,
विसाव्या घरात एकमेकांना ओळख देत नाहीत.
"बघा दिवाणजी, कुठंही चिठ्ठी टाकलेली नाही.
नियम सरळ आहे. तरी पुढचं सांगता येत नाही."
एवढं बोलून सरांनी
एप्रिलचे दोन लॉट घेतले.

गुरुवारी पडली.
का पडली, त्याचीही कारणं संध्याकाळपर्यंत आली,
इस्त्री केलेली.
सर पंधरा दिवस दिसले नाहीत.
अण्णांनी मात्र सोमवारीच सगळं विकलं होतं.

रात्री वहीत त्या शंभराच्या ओळीवर बोट ठेवतो.
कधी वाटतं, डास होता.
कधी वाटतं, डास कसला,
अण्णांनी करंगळी दिली होती.
विचारलं नाही. तीस वर्षांची नोकरी आहे.

हरिपुरात उरलेल्या दोन पेवांपैकी एक
परवा उघडलं.
आधी दोराला कंदील बांधून आत सोडतात,
विझला तर माणूस उतरवायचा नाही.
विझला नाही. दस्तगीर उतरला.
खाली तीन वर्षांची हळद, अंधारात,
तेजी मंदी काहीच न कळलेली.

वरून कुणीतरी ओरडून भाव विचारला,
आज काय निघेल?
बराच वेळ काही नाही.
मग खालून, पिवळा धुरळा खाकरत,
आधी दोर सोडा.