साडेसहा ते दहा

उद्यमनगरात लेथवर उभं राहून अठरा वर्षं झाली.
आवाज ऐकूनच सांगतो,
बेअरिंग गेलंय, पट्टा ढिला आहे,
की नुसतंच तेल मागतंय.
गिऱ्हाईक म्हणतं, पोवार, कान आहे का डॉक्टरची नळी?

शांताच्या रडण्यात मला काही सापडलं नाही.

नाव पणजीचं. बारशाला तेच ठेवलं,
आणि पोरगी पाळण्यात अशी ताणून रडत होती
की बायका पदराआड हसल्या.

तिसऱ्या आठवड्यापासून वेळ ठरली.
साडेसहाला समोरच्या तालमीत
पोरं जोर मारायला आली
की हिचाही शड्डू.
मुठी वळलेल्या, गुडघे पोटाशी,
तोंड सोललेल्या बिटासारखं.
दूध पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला.
मीठ-मोहरी उतरली, ती तडतडली,
बेंबीभोवती हिंग लावला.
वृषालीनं आधी हरभऱ्याची डाळ सोडली,
मग तांबडा रस्सा, मग चटणीच.
कोल्हापुरात राहून दूधभात,
आणि रात्री विचारायची,
माझ्याच दुधात काय आहे?

नेजदार बाईंनी वजन केलं, पोट चाचपलं,
कानात बॅटरी मारून पाहिलं.
म्हणाल्या, पोर ठणठणीत आहे.
काही बाळं अशी रडतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस,
मग उतरत जातं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत.
ताप आला, दूध तोडलं, हिरवी उलटी झाली
तर रात्री दोनलासुद्धा या.
एरवी कुशीत घ्या. आणि वृषाली, तू जेव.
मी विचारलं, पण बिघाड कुठं आहे?
बिघाडच नाही, म्हणाल्या.

असं यंत्र मी पाहिलं नव्हतं.

मग कॅलेंडरवर पेन्सिलीनं मिनिटं.
सोमवार एकशे ऐंशी. मंगळवार दोनशे दहा.
बुधवारी पाण्याची मोटर लावली, तिच्या घुमण्यावर
शांता गप्प, डोळे मोठे करून.
मी म्हटलं, सापडलं!
गुरुवारी तीच मोटर, तीच पोर,
टाकी जिन्यावरून वाहिली, आणि दोनशे पंचवीस.

शुक्रवारचं मी कुणाला सांगितलं नाही.
वृषाली झोपली होती, दोन रात्रींनंतर पहिल्यांदा.
माझे हात लोखंड धरणारे.
त्या हातांत पोर, आणि हात घट्ट व्हायला लागले.
त्याला आवाज नव्हता, तरी मला कळलं.
तिला पाळण्यात उताणी ठेवली,
दार लोटलं, आणि जिन्यात येऊन बसलो.
खालून शिकलगार चाची वर आल्या.
काही विचारलं नाही.
म्हणाल्या, बस हितंच, मी जाते आत.
माझा थोरला असाच होता,
आता हाक मारली तर ओ देत नाही.

शंभरपर्यंत मोजलं. परत मोजलं.
मग आत जाऊन घेतली,
दिवा मालवून उघड्या छातीशी धरली,
आणि माझाच श्वास लांब केला.
ती रडतच होती.
पण मी आता काही शोधत नव्हतो.

अकराव्या आठवड्यातला एक चौकोन मोकळा आहे.
त्या दिवशी ती रडली नाही
की आम्ही लिहायला विसरलो,
वृषालीला आठवत नाही, मलाही नाही.
दुधाचं दोन लिटर तेवढं मांडलंय, अक्षर माझं,
आणि कोपऱ्यात तिच्या बोटाचा डाग,
तांबड्या रश्शाचा.