मोज्यातली ज्वारी

धरणगावच्या जिनिंगच्या काट्यावर
मी रात्री बसतो. नोव्हेंबर ते मार्च.
ट्रक फळीवर चढतो,
लाल आकडे धावतात, थरथरतात, थांबतात.
थांबेपर्यंत मी पापणी लवू देत नाही.
एकदाच लवली होती, चाळीस किलोवरून
एरंडोलच्या व्यापाऱ्याशी उजाडेपर्यंत भांडण.

यंदा पारा सहाच्या खाली.
केबिनची काच आतून घामेजलेली,
आणि रुईचे तंतू, सरकीची धूळ
बंद खिडकीतूनही आपली वाट काढतात.
दोनच्या सुमारास डोळ्यांत कुणीतरी
वाळू चाळायला बसतं.
पापणीच्या कडेला आधी मुंग्या, मग मिरची,
मग पाणी, गालावरून थेट मफलरमध्ये.

सुपडू ड्रायव्हर पावती घेताना वाकून बघतो:
"काबरं रडी राहिनात, आप्पा?
घरमा काही व्हयनं का?"

घरी काही झालं नव्हतं.
जळगावच्या नेहेते डॉक्टरीणबाईंनी
डोळ्यांत पिवळा रंग सोडला, निळा दिवा लावला
आणि म्हणाल्या, डोळे कोरडे आहेत.
मी हसलो. म्हटलं, बाई, हा रुमाल पिळून बघा.
त्या म्हणाल्या, पाणी आहे हो, ओल नाही.
पापणीच्या काठाला तेलाची बारीक भोकं असतात,
तुमची थिजलीत.
तेलाविना ओल उडते, डोळा घाबरतो,
घाबरून नुसतं पाणी सोडत राहतो.

थिजणं मला कळतं.
या दिवसांत खोबरेल बाटलीत असं बसतं
की उलटी केली तरी ढिम्म.
कोकिळा ती चुलीजवळ सरकवून ठेवते.
तसंच करायचं, बाई म्हणाल्या.

चेतनचा शाळेचा राखाडी मोजा, टाचेला विरलेला.
पोरगा पुण्याला गेला, मोजा राहिला.
त्यात कोकिळेनं दोन मुठी ज्वारी भरली, गाठ मारली.
कळण्याची शेवटची भाकर उतरली
की तव्याच्या उरल्या धगीवर मोजा उलटापालटा,
आधी तिच्या मनगटावर, मग माझ्या गालावर,
मग मिटल्या डोळ्यांवर.
दहा मिनिटं.
जागेपणी इतका वेळ डोळे मिटून
मी कधी पडलो होतो, आठवत नाही.
ज्वारीचा खरपूस वास. परात घासल्याचा आवाज.
कोमट फडक्यानं ती पापण्यांचे काठ पुसते,
देवाचं तांब्याचं भांडं पुसावं तितक्या हळू नाही,
पण हळू.

थेंब मला घालता येत नाहीत.
कपाळावर जातात, कानात जातात.
तीच घालते. बोटांना लसणाचा वास.
"वर पाहा. हलू नका. पत्र्याचे खिळे मोजा."
मी मोजतो. सतरापर्यंत जातो, थेंब पडतो.
सतराच्या पुढे किती आहेत, अजून माहीत नाही.

आता केबिनचा हीटर मी पायांकडे वळवलाय.
दोन ट्रकांच्या मध्ये मुद्दाम डोळे मिटतो,
घट्ट नाही, सैल,
जसं पोतं तोंड बांधण्याआधी नुसतं दुमडून ठेवतात.

कुणीतरी मालकाला फोन केला:
तुमचा काटेवाला झोपतो.
मालक आले परवा, पहाटे तीनला, कानटोपी घालून.
दार ढकललं. "झोपलात?"
म्हटलं, नाही शेठ, मिटलेत फक्त.
आणि सगळं सांगितलं, तेल, ओल, मोजा,
सांगताना मलाच ते बावळट वाटलं.

ते बोलले नाहीत. ट्यूबलाइटखाली उभे राहिले,
अंगठ्याच्या पेरानं डोळ्याचा कोपरा चोळत.
त्यांच्या पापण्यांचे काठ
कुंकवाच्या करंड्यासारखे लाल.
मग हळूच, हमाल ऐकणार नाहीत अशा बेतानं:
"ज्वारी दादरची घ्यायची की कुठलीही?"

बाहेर हॉर्न वाजला. चोपड्याची गाडी.
फळी हलली, आकडे धावू लागले,
आणि आम्ही दोघं, शेजारी शेजारी,
पापणी लवू न देता.