वहीत नसलेली बाई

झोप, म्हणतात सगळे. झोप नव्हती ती.
झोपेला काठ असतो, कूस बदलता येते.
तेहतीस वर्षं मी फेरीबोटीच्या इंजिनघरात काढली,
नुसत्या वासावरून सांगायचो कुठलं बेअरिंग जळतंय.
झोपणं आणि बुडणं यातला फरक
मला कोणी शिकवू नये.

मनगटातल्या सुईतून काहीतरी पांढरं, दुधासारखं उतरायचं
आणि मी एकेक पायरी खाली.
वरची झडप कोणीतरी लावून घ्यायचं.

खाली इंजिन चालू.
फुस्स. थांब. फुस्स. थांब.
याचा ठोका चुकतोय, पाना द्या रे कोणी,
असं ओरडायचो, पण घशात वीतभर नळी.
खूप नंतर कळलं,
ते इंजिन माझाच श्वास ओढत होतं.

हात बांधलेले.
इंगुन म्हणते, मऊ पट्टे होते, बाबा,
तुम्ही नळी उपटू नये म्हणून.
असतील मऊ.
धक्क्याला बांधलेली बोट काही दोराचा मऊपणा मोजत नाही.

डिसेंबरात त्रोम्सोला सूर्य उगवतच नाही,
तेव्हा दिवस कुठला, रात्र कुठली.
छताच्या फळ्यांना बारीक भोकं होती,
भोकाभोकातून कॉडमाशाचा एकेक डोळा.
परिचारिका कडेला उभ्या राहून माझा भाव ठरवायच्या,
किलोवर.
एक जण म्हणाली, हा उद्यापर्यंत टिकणार नाही, आजच काढा.
हे मी ऐकलंय. स्वतःच्या कानांनी.

आणि पाणी.
आधी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला.
इंजिनघरात पाणी शिरलंय आणि वर कोणाला पत्ता नाही.
फक्त एक बाई यायची,
पिवळे हातमोजे, हातात बादली,
न बोलता वाकून वाकून पाणी उपसायची.
पिळायची, ओतायची, पुन्हा वाकायची.
त्या अख्ख्या बोटीवर शुद्धीत असलेलं
तेवढं एकच माणूस.

घरी सोडताना त्यांनी एक वही हातात ठेवली.
तुमचे हरवलेले तेवीस दिवस, म्हणाली तूरहिल्ड,
आम्ही पाळीपाळीनं लिहून ठेवलेत.
‘दिवस चौथा. आज तुम्ही शांत आहात. बाहेर वादळ आहे.
मुलगी आली होती, तिनं तुमची नखं कापली.’
‘दिवस नववा. औषध कमी करून पाहिलं.
तुम्ही डोळे उघडलेत, फार घाबरलात. पुन्हा वाढवलं.’
‘दिवस दहावा. शांत.’
हा शब्द मी मोजला. अकरा वेळा.
त्या अकरा दिवसांत मी केवढ्यानं ओरडत होतो!

खोटं नाही लिहिलेलं त्यांनी, माया आहे अक्षरात.
पण बादलीवाली बाई कुठल्याच पानावर नाही.

एप्रिलात तपासणी होती.
संपल्यावर घरी गेलो नाही,
कॉरिडॉरच्या बाकावर रात्री दहापर्यंत बसून राहिलो.
ती आली. चाकाची गाडी, पिवळे मोजे.
लेतेब्रहान, एरिट्रियाची, सहा वर्षं याच मजल्यावर फरशी पुसते.
मी तिला सगळं सांगितलं, काठीवर रेलून, धापा टाकत.
हसेल असं वाटलं होतं.
तिनं विचारलं, कुठवर आलं होतं पाणी?
मांडीपर्यंत, मी म्हटलं.
ती म्हणाली, तुमचा डावा पाय सारखा उघडा पडायचा,
मी पांघरूण ओढायचे.
ते काही माझं काम नाही, कोणाला सांगू नका.

वहीची शेवटची पानं कोरी होती.
मी तिचं नाव लिहायला घेतलं, दोनदा चुकलो,
मग मोजा काढून तिनंच नीट लिहून दिलं.

उपसलं गेलं का सगळं? तिनं विचारलं.
थोडं आहे अजून, म्हटलं. रात्रीचं चढतं.
तिनं मान हलवली, फडकं पिळलं,
बाकाखालची फरशी पुसायला घेतली.
मी पाय वर घेतले.