खिशात काय आहे

टेबलावर ओत सगळं, मी म्हणाले.
आन्तेने सॅक उलटी धरली.
खडखडाट झाला, कुत्री उठून दाराशी गेली.

दोन टॉर्च. घडीची करवत. होकायंत्र.
सुपाची पाकिटं अकरा, मी मोजली.
चॉकलेटं, पत्त्यांचा जोड, फोनची जादा बॅटरी,
शिवाय मासेमारीचा दोरा आणि गळ.
डिसेंबरात.
इनारीच्या तळ्यावर हातभर जाड बर्फ,
तो फोडायला या पसाऱ्यात काही नाही.

"उपाशी नाही ना राहायचं," तो म्हणाला.

उपाशी माणूस चिडचिडा होतो, आन्ते.
आठवडाभर चिडचिड करत जगतो.
गारठलेला माणूस मात्र गोड बोलायला लागतो.
हसतो. मग हातमोजे काढून
नीट शेजारी ठेवतो,
कारण त्याला उकडायला लागलेलं असतं.
शिदोरीचं नंतर बघू. भुकेला दम असतो.

आधी थांब.
इंजिन बंद पडलं, रेनडिअर दिसेनात, अंधार उतरला,
तर आधी खाली बस आणि तुझाच श्वास मोज.
मग वारा कुठून येतोय ते बघ.
पाइनच्या फांद्या अंगावर घ्यायच्या आधी अंगाखाली घाल,
वाऱ्यापेक्षा जमीन अधिक खाते.
बुटांतलं गवत वाळकं आहे ना? दाखव.
हे नाही. हे दमट आहे.

तो बूट उलटे करत होता
आणि मी, बारा वर्षं गिळलेलं, बोलून गेले:

नीलासमामाची बॅग आम्हाला आधी सापडली.

ओढ्याच्या तोंडाशी बर्फ खोटं बोलतो.
स्लेज गेली, बॅग स्लेजला बांधलेली,
दुसऱ्या दिवशी हुकाने वर ओढली.
उत्तम बॅग होती, पाणी शिरलं नव्हतं.
काड्या कोरड्या. मोजे कोरडे.
कॉफीचा वाससुद्धा तसाच.

तो स्वतः बाहेर आला होता.
चारशे पावलं चालला होता भूर्जापर्यंत.
सालं सोलली होती, अगदी बारीक,
कुरळी, आबांनी शिकवली तशी.
त्यावर काटक्या, त्यावर जरा जाड,
वाऱ्याकडे पाठ करून.
इतकी सुंदर रचलेली शेकोटी मी आयुष्यात पाहिली नाही.
फक्त पेटवायला काही नव्हतं.

त्या शेकोटीला आम्ही हात लावला नाही.
पुढच्या वसंतात ती बर्फाबरोबर गेली.

बराच वेळ आन्ते काही बोलला नाही.
स्टोव्हमध्ये लाकूड तडकलं.
मग विचारलं, "मामाच्या खिशात काय होतं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
पोलिसांनी यादी केली, मी सही केली, विसरले म्हणत राहिले.
पेन्सिलचा तुकडा, वासरांच्या कानखुणा मोजायला.
स्लेजची किल्ली.
दीड टॉफी.
अर्धी कागदात परत गुंडाळलेली.
तू सहा वर्षांचा होतास तेव्हा. तुझ्यासाठी असेल,
नसेलही.

मग मी मेणात बुडवलेल्या काड्यांची डबी घेतली,
त्याच्या शर्टाच्या खिशात घातली, कोटाच्या नव्हे,
आणि बटण लावलं, तो बाळ असताना लावायचे तसं.
सुरी पट्ट्याला. शिट्टी गळ्यात.
बाकीचं सॅकमध्ये, आणि सॅक गेली तर जाऊ दे,
तिच्यामागे पाण्यात हात घालू नकोस.
तेवढं वचन दे.

त्याने मान हलवली.
सुपाची दोन पाकिटं काढून मला परत दिली, मोठ्या मनाने.
गळ आणि दोरा मात्र हळूच परत आत सरकवला.
मी बघितलं. बोलले नाही.

रात्री उशिरा भिंतीपलीकडून
डबी खुळखुळली.
थांबली.
पुन्हा खुळखुळली.