मुठेल

आधी करंगळीचं गेलं.
कागदासारखं दुमडलं आणि आडवं फाटलं,
काजूच्या तांबड्या सालीत घुसता घुसता.
दुखलं नाही. फक्त गर तुटला,
आणि तुटलेला गर
अख्ख्याच्या डब्यात टाकता येत नाही.
मुकादमीण फेलिसिता डब्यात डोकावली,
बोलली काही नाही. वहीत लिहिलं.

वेंगुर्ल्यात कोयत्याला धार लावणारा मिळतो.
नखाला कोण लावणार?

जेवणाच्या सुट्टीत माझा हात
डब्यांच्या झाकणांवरून फिरला, या मांडीवरून त्या मांडीवर.
हलिमा म्हणाली, लिंबाची फोड चोळ.
आरोंद्याची शेवंती म्हणाली, "खोबरेलात लसूण कढव,
वास येतलो, पण येवंदे."
सगळ्यात म्हातारी गंगूमावशी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली,
"नाचण्याची आंबील पी गो.
नखां आतसून येतत, भायरसून नाय."
आणि सगळ्यांनी एकदम, जणू ठरवून:
"मुठेल लाव!"

मुठेल घरात होतंच, टाचांसाठी,
कोकमाच्या बिया कुटून, उकळून,
वर आलेली साय मुठीत दाबून केलेलं.
गोळ्यावर अजून सासूची बोटं उमटलेली.
त्यातलंच थोडं खरवडलं,
पळीत धरलं, चुलीवर पातळ केलं.
नवरा म्हणाला, टाचेचं औषध हाताला?

रात्री दहाही बोटं वाटीत.
दहा मिनिटं कशाला हात लावायचा नाही,
ना भांड्याला, ना चादरीला, ना फोनला.
डास बसला गालावर, तो वैदेहीनं मारला.
हात नुसते ठेवायचे असतात
हे मला ठाऊकच नव्हतं.
पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला उठले.

महिनाभर लिंबू, लसूण, आंबील, मुठेल.
सकाळी आठला पुन्हा टेबल.
रात्री जे चढायचं
ते दुपारपर्यंत साल उतरवताना उतरायचं.

मग श्रावणात कच्ची बी संपली.
आफ्रिकेचं जहाज कुठंतरी अडकलं म्हणे,
फॅक्टरीला कुलूप.
एक आठवडा, दोन, सात.

आणि नखं वाढली.
काय सांगू, कशी वाढली!
मुळाशी पांढरी चंद्रकोर, वर गुलाबी, टणक.
फणसाच्या आठळीवर घासून बघितलं,
जाळ्याची ओली गाठ सोडवून बघितली,
वाकलं नाही एकही.
तिकडे दुकानातल्या वहीत आमचं पान
असंच वाढत होतं,
रोज थोडं, बघितलं तर कळू नये इतकं.

भाद्रपदात फोन आला.
पहिल्या दिवशी साल एका ओढीत निघाली,
अख्खा गर, हस्तिदंती, गरम,
क्षणभर वाटलं तोंडात टाकावा.
डब्यात टाकला.
फेलिसिता डोकावली. वहीत लिहिलं.

शेजारी नवीन पोर बसलीय, मातोंडची,
नखं कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
माझ्या हाताकडे बघत विचारते,
"काय लावतास तुम्ही?"

सात आठवडे, असं तोंडावर आलं होतं.

म्हटलं, मुठेल.
वाटीत अजून बोटभर आहे,
उद्या घेऊन येते.